समरकंदला एक दिवस, कामठ्यात दोन मतं

ऑक्टोबरात आम्ही गोंदियाची काही मंडळी उझबेकिस्तानला जाणार आहोत. बहुतेक निवृत्त मास्तर, दोन राइस मिलवाले आणि ज्यांच्या त्यांच्या घरचे लोक. प्रवास कंपनीने दिलेल्या कागदावर तिसऱ्या दिवसापुढे लिहिलंय : सकाळच्या वेगवान गाडीने ताश्कंदहून समरकंद, गाइडसह स्थलदर्शन, रात्री परत. हा कागद घेऊन मी गोंदियाजवळच्या कामठ्याला गेलो तो गुरुजींचं मत विचारायला. गुरुजी इतिहासाचे. आयुष्य शाळेत गेलं, देशाबाहेर कधी पाऊल टाकलं नाही. पण बाबराच्या आत्मचरित्रापासून राहुल सांकृत्यायनांच्या मध्य आशियाच्या इतिहासापर्यंत सगळं वाचून बसलेले. नेमकी त्यांची भाची सुट्टीवर आलेली. ती समरकंदच्या वैद्यकीय विद्यापीठात चौथ्या वर्षाला आहे. आपल्याकडचे ओळखीचे लोक तिकडे फिरायला आले की तिथल्या गाइडच्या जोडीला दुभाषी म्हणून दिवसभर हिंडते. एकाने ते शहर पानांतून पाहिलेलं, दुसरीने पायी. मी आगाऊ पैसे भरून बसलो होतो, त्यामुळे निकाल कुणाच्या बाजूने लागतो याची काळजी खरी मलाच होती.

रोवणी आटोपली होती. बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेली प्रशिक्षणाची छोटी विमानं गावावर घिरट्या घालत होती, आणि त्यांच्या वर आवाज चढवून दोघं जे बोलले ते इथे देतो. मधेमधे माझंही घातलंय.

गुरुजी : गाडीचे सव्वादोन तास जायचे, तेवढेच यायचे. शहरात उरले आठ-नऊ तास. त्यात जेवण, बाजार, फोटो, कुणाचे गुडघे. म्हणजे अडीच हजार वर्षं जुन्या शहराच्या वाट्याला पाच तास! हे दर्शन आहे की पंचनामा?

भाची : पंचनामा वेळेवर झाला तर कामाचाच राहते, मामाजी.

गुरुजी : थट्टा नको. एखादी जागा कळायला तिथे राहावं लागतं. सकाळची उन्हं पाहावी लागतात, तिथला माणूस कशावर चिडतो ते पाहावं लागतं.

भाची : आमच्या वसतिगृहात आपल्याकडच्या किती मुली आहेत सांगू? वर्षानुवर्षं राहतात. कॉलेज, मेस, परीक्षा, आणि रविवारी बाजार. उलुगबेग राजाची वेधशाळा आतून पाहिलेल्या बोटावर मोजण्याएवढ्या. राहिल्याने दिसते असं काही नाही. तुम्ही जन्मापासून गोंदियाजवळ राहता, नागऱ्याच्या महादेवाला गेलात किती वेळा? आणि गेलात तेव्हा खांब पाहिले की बेल वाहून परत आलात?

गुरुजी : मी पाहिले.

भाची : तुम्ही पाहिले. तुमच्यासोबत गेलेल्यांनी?

यावर गुरुजी गप्प राहिले. मीही नागऱ्याला त्यांच्यासोबत गेलेलो आहे, आणि खांबांबद्दल मला विचारू नये एवढीच तेव्हा इच्छा होती.

गुरुजी : ठीक. पण गाइड काय दाखवतो? पाठ केलेलं बोलतो. रेगिस्तानच्या चौकात उभा करून म्हणतो, हे तैमूरचं समरकंद. तैमूर मेला 1405 मध्ये. चौकातली सगळ्यात जुनी मदरसा उलुगबेगाची, ती 1417 ते 1420 मधली. समोरची शेरदोर आणि मधली तिल्लाकारी सतराव्या शतकातल्या, तैमूरचं घराणं तिथून उठून शंभर वर्षं झाल्यावरच्या. लोक मात्र घरी येऊन सांगतात, तैमूरचे महाल पाहिले.

भाची : आमची गाइड असं सांगत नाही. ती पहिले चौकाच्या कडेला, पायऱ्यांवर बसवते आणि विचारते, तिघींपैकी म्हातारी कोणती? लोक बहुतेक मधली दाखवतात, तिच्यावर मोठा निळा घुमट आहे म्हणून. मग ती सांगते की हा घुमट सोव्हिएत काळात चढवला. मूळ इमारतीवर तो पुरा झालेलाच नव्हता. म्हणजे ज्याचा फोटो सगळ्यात जास्त निघते ती वस्तू वयाने तुमच्या लहान भावाएवढी! मग उलुगबेगाच्या मदरशाच्या कोपऱ्यातला मिनार दाखवते. तो झुकला होता. 1932 मध्ये शुखोव नावाच्या रशियन इंजिनिअरच्या युक्तीने तो वळवून सरळ केला. त्यानंतर शेरदोरच्या कमानीवरची वाघासारखी जनावरं, त्यांच्या पाठीवर माणसाच्या तोंडाचा सूर्य. मदरशावर जिवंत प्राण्यांची चित्रं कशी, हे लोक आपणहून विचारतात. माझ्या हिशोबाने ही दीड तासाची कमाई वाईट नाही.

गुरुजी : सगळ्या गाइड अशा नसतात.

भाची : सगळे मास्तर तुमच्यासारखे होते काय?

इथे एक सांगतो. आपल्याकडे गाइड म्हणजे दारात गाठणारा, न विचारता मागे लागणारा आणि शेवटी भावाच्या दुकानात नेणारा माणूस, अशी समजूत घट्ट आहे. वेरूळ-अजिंठ्याला अभ्यासू गाइड आहेत, तरी आपण पैसे वाचवून पाटी वाचतो. पाटीवर वर्ष असतं. जोड कुठे आहे, कुठला दगड मूळचा आणि कुठला मागाहून बसवलेला, हे पाटी सांगत नाही. मला भाचीचं हे म्हणणं पटलं. पण गुरुजींचा खरा राग वेगळ्याच ठिकाणी होता.

गुरुजी : बरं, तैमूरची कबर. गूर-ए-अमीर. तिथे ती काय सांगते?

भाची : तुम्हाला ठाऊकच आहे काय सांगते. मूळची इमारत नातू मुहम्मद सुलतानसाठी, मग आजोबालाही तिथेच पुरलं. हिरव्या-काळ्या जेडचा दगड. आणि 1941 च्या जूनमध्ये गेरासिमोव नावाच्या शास्त्रज्ञाने कबर उघडली तो किस्सा. उघडली आणि दोन-तीन दिवसांत हिटलरने रशियावर हल्ला केला. तो शाप सांगितल्याशिवाय तिथल्या कोणत्याच गाइडला जेवण जात नाही.

गुरुजी : हल्ल्याच्या योजनेवर हिटलरने 1940 च्या डिसेंबरातच सही केली होती. शाप मागून सुचला.

भाची : ते मी हिंदीत सांगताना जोडते. गाइड हसते. पण मामाजी, शापाने लोक जागे होतात, आणि जागे झालेल्यांना पुढचं सांगता येते. हाडांवरून कळलं की तो खरंच उजव्या पायाने अधू होता. मी डॉक्टरकीची विद्यार्थिनी, मला तेच जास्त आवडते.

गुरुजी : आणि दिल्ली? 1398 ची दिल्ली सांगता? लढाईच्या आधी लाखभर कैदी मारल्याचं त्याच्याच दरबारी इतिहासकारांनी मिरवून लिहिलंय. ताश्कंदच्या चौकात त्याचा घोड्यावरचा पुतळा उभा आहे. जागा तीच. आधी तिथे झारच्या गव्हर्नराचं स्मारक, मग स्टालिन, मग कार्ल मार्क्स, आणि देश स्वतंत्र झाल्यावर 1993 मध्ये तैमूर. चौथरा सरकारचा, वर कोण बसेल ते काळ ठरवतो. तुमच्या त्या एका दिवसाच्या फेरीत माणूस दिल्लीच्या कत्तलीबद्दल एक अक्षर न ऐकता, तैमूरच्या कबरीसमोर हात जोडून परत येतो. मला याची चीड आहे. पाच तास कमी पडतात हा मुद्दा मी सोडून देतो. पाच दिवस दिले तरी हेच ऐकवतील.

हा मुद्दा वजनाचा होता. भाचीने तो झटकला नाही.

भाची : ती स्वतःहून सांगत नाही. तिच्यासाठी तो अमीर तैमूर आहे. शाळेत तेच शिकली. पण एकदा नागपूरच्या एका आजोबांनी तिला सरळ विचारलं, दिल्लीत त्याने काय केलं माहीत आहे का? मी भाषांतर करायला कचरले. तरी केलं. ती थोडं थांबली आणि म्हणाली, आमच्याकडे चंगीझखानाने 1220 मध्ये जे केलं ते दाखवायला मी तुम्हाला अफ्रासियाबच्या टेकाडावर नेते, जुनं समरकंद तिथे मातीखाली आहे. तुमच्याकडे आमच्या माणसाने तेच केलं असेल. मग ती पुढे चालायला लागली.

गुरुजी : हे तिने छान सांगितलं.

भाची : हे कागदावर कधीच येत नाही. विचारणारा लागते. आणि विचारायला माणूस समोर लागते, पुस्तकाला विचारता येत नाही.

गुरुजी : पुस्तक खोटं बोललं तर दुसरं पुस्तक काढता येतं. गाइड बदलता येत नाही, गाडी सुटते!

दोघंही हसले. मी चहा मागवायचं सुचवलं. भाचीने सांगितलं, समरकंदचा पलाव जवसाचं तेल घालून करतात, पिवळं गाजर आणि मांस थरावर थर रचून. जवसाचं नाव निघताच गुरुजींच्या घरच्यांनी आतून विचारलं, आपल्यासारखं? आपल्यासारखंच. धानाच्या बांधीत उतेऱ्याला जवस-लाखोळी टाकणाऱ्या गावाला ही बातमी मिनारांपेक्षा मोठी वाटली. आमच्या जथ्यातल्या शाकाहारी मंडळींचं काय, हा प्रश्न मी त्याच ओघात विचारून घेतला. नान, टोमॅटो-काकडी, दही, फळं, आणि भोपळ्याचा सामसा मिळाला तर नशीब, असं उत्तर मिळालं. राइस मिलवाल्यांना हे कसं सांगायचं ते पाहू.

गुरुजी : मी एक पर्याय सांगतो. मध्य आशिया पाहायला तिकडे कशाला जाता? इथून सुरू करा. आपल्या जुन्या भंडारा जिल्ह्यात पवनी आहे. तिथे एक छायास्तंभ सापडला. त्यावर रूपिअम्म नावाच्या महाक्षत्रपाचं नाव आहे. वा. वि. मिराशींनी तो लेख वाचला. क्षत्रप म्हणजे शक, आणि शक आले मध्य आशियाच्या गवताळ मुलुखातून. म्हणजे वैनगंगेच्या काठावर त्या बाजूच्या माणसाचं नाव दगडात आहे, अठराशे वर्षांच्या आसपास. तिथून जा संभाजीनगरला. पाणचक्की पाहा. ती ज्यांच्या दर्ग्याला लागून आहे ते बाबा शाह मुसाफिर मूळ कुठले? बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानचे. नक्शबंदी पंथाचे फकीर. औरंगजेबाच्या काळात दख्खनमध्ये तुराणी शिपायांच्या पलटणी होत्या, आणि तिकडून येणारा-जाणारा त्यांच्या तकियात उतरायचा. त्यांच्या मागे, 1744 च्या सुमाराला, डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणून, उंचावरून पाडून चक्की फिरवली. यात्रेकरू आणि फकिरांसाठी पीठ त्यावर दळलं जायचं. मग खुलताबाद. तिथे पहिल्या निजामाची कबर. त्याचा आजोबा समरकंदकडून आला आणि 1687 मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने मेला. बीबी का मकबऱ्याचा घुमट पाहायला समरकंदचंच डोळ्यात भरलेलं असावं लागतं असं नाही, उलटही चालतं. हे सगळं एका दिवसात, व्हिसा न काढता.

भाची : एका दिवसात! आता तुम्हीच एका दिवसावर आलात.

गुरुजी : (थोडं अडखळून) पवनी सोडून. संभाजीनगरचं एका दिवसात होतं.

भाची : पवनी कशी सोडता? तुमची सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती. आणि मी तिथे गेले आहे, शाळेच्या सहलीत. किल्ल्याचं दार पाहिलं, देवळं पाहिली, वैनगंगेवर डबे खाल्ले. शक, क्षत्रप, मिराशी, कुणी एक शब्द काढला नाही. आज तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकते आहे. दगड तुमच्या जिल्ह्यात असून मला त्याची खबर नाही, आणि समरकंदच्या भिंतीचा जोड मला पाठ आहे. कारण तिथे एक बाई मला सांगते. इथे सांगणारं कुणी नव्हतं.

गुरुजी : मग दोष सांगणाऱ्यांचा.

भाची : तुम्ही सांगणारेच होता, मामाजी.

हे जरा लागलं असावं. गुरुजींनी चष्मा पुसला. मग त्यांनी भाचीला आव्हान दिलं, की आजच्या आज, बसल्या जागी, मी तुला कामठ्याचं गाइड म्हणून फिरवतो. वेळ पंधरा मिनिटं. तिने मोबाइलवर घड्याळ लावलं.

गुरुजींनी सुरुवात जमीनदारीपासून केली. कामठ्याची जमीनदारी भोसल्यांच्या काळात या भागातली बडी जमीनदारी होती. 1818 मध्ये आप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी गादीवरून काढल्यावर इथले जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठले. नागपूरहून कॅप्टन गॉर्डनच्या हाताखाली फौज आली, कामठ्याचा किल्ला घेतला गेला, आणि जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. पुढे मध्य प्रदेशच्या 1950 च्या कायद्याने, तेव्हा हा जिल्हा तिकडे होता, जमीनदाऱ्याच संपल्या. मग बिरसीची धावपट्टी, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी केलेली. मग लहरी आश्रम आणि तिथे लोटणारे भाविक. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला झाला, तोवर सगळं भंडाऱ्यात. घड्याळ वाजायच्या आत गुरुजींचं आटोपलं. बोलताना त्यांचा आवाज चिमणा पटेलांपाशी चढला होता आणि लोधी जमीनदारीपाशी खाली आला होता. हे मी टिपलं. भाचीनेही.

भाची : चिमणा पटेल वीर होते?

गुरुजी : इंग्रजांशी लढले.

भाची : त्यांच्या रयतेला ते कसे वाटत? सारा कसा घेत? पेंढारी-लुटीच्या त्या दिवसांत त्यांच्या बाजूचे लोक गावांशी कसे वागले?

गुरुजी : त्याचं कुणी लिहून ठेवलं नाही. जे लिहिलं ते इंग्रजांनी, त्यांच्यासाठी ते बंडखोर.

भाची : आणि नंतरच्या घराण्याने सव्वाशे-दीडशे वर्षं इथे काय केलं, विहिरी, तलाव, शेती, त्याला तुम्ही एक वाक्य दिलं. गोंड लोक कुठे गेले? ही सगळी झाडी त्यांची. कचारगडची गुहा तुम्ही नावालाही घेतली नाही, माघ पौर्णिमेला देशभरातले गोंड तिथे येतात. पंधरा मिनिटांत तुम्ही तेच केलं जे आमची गाइड तैमूरपाशी करते.

गुरुजी : पंधरा मिनिटांत किती सांगणार?

भाची : हेच तर मी सकाळपासून म्हणते आहे.

माझ्या मते इथे भाची जिंकली, निदान त्या घटकेला. पण गुरुजी काही हार मानणारे नव्हते, आणि त्यांनी पुढे जे काढलं त्याला तिच्याकडे पुरतं उत्तर नव्हतं.

गुरुजी : एक सांग. हे जे तुम्ही फिरवता, ते फिरवायला सोयीचं व्हावं म्हणून तिथे काय काय पाडलं? तैमूरचा जन्म ज्या शहराजवळचा ते शहरिसब्ज. 2000 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं. 2016 मध्ये युनेस्कोने त्याला धोक्याच्या यादीत टाकलं. का? मधल्या जुन्या वस्त्या, मोहल्ले, मातीची घरं उठवून बाग केली, कारंजी केली, हॉटेलं केली. पर्यटकाला तैमूरच्या वाड्याची कमान लांबून मोकळी दिसावी म्हणून. एका दिवसात पाहणाऱ्याला मोकळी जागा लागते. गल्लीत शिरायला त्याला वेळ नसतो. म्हणून गल्लीच जाते. तुमचा एक दिवस त्या शहरावर असा पडतो.

भाची : समरकंदमध्येही रेगिस्तानपासून बीबी खानम मशिदीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला भिंत आहे. सरळ, स्वच्छ. रस्ता दगडी, दुतर्फा दुकानं, बॅटरीच्या गाड्या. भिंतीत मधेमधे दारं आहेत. दाराच्या आत जुनं गाव राहते. कोंबड्या, कपडे वाळत, तुतीचं झाड, अंगणात गॅसची नळी.

गुरुजी : पर्यटक दारातून आत जातात?

भाची : कागदात नसते ते. मी नेते, कुणी म्हटलं तर. दहा मिनिटं. लोकांना तेच शेवटपर्यंत आठवते. पण तुमचं खरं आहे, भिंत बांधणाऱ्यांच्या मनात पाहुणे होते, आणि मी त्याच पाहुण्यांना आणते.

गुरुजी : मग?

भाची : मग काय. भिंतीआड राहणाऱ्या एका बाईचा मुलगा टॅक्सी चालवते, दुसरीची सून नान भाजून सियाब बाजारात विकते. पर्यटक बंद झाले कोरोनात, तेव्हा सीनियर सांगतात, दुकानं ओस पडली होती. मी त्यांना जाऊन सांगू का की माझ्या मामाजींना गल्ली हवी आहे, म्हणून तुम्ही गिऱ्हाईक नको म्हणा?

गुरुजी काही बोलले नाहीत. भाचीही जिंकल्यासारखी दिसत नव्हती. मला वाटतं दोघंही आपापल्या जागी अर्धे बरोबर होते म्हणून गप्प झाले असं नाही. दोघांनाही एकाच गोष्टीची अडचण होती : पाहायला जाणाऱ्यामुळे जागा बदलते, आणि कुणीच गेलं नाही तर ती जागा पवनीच्या स्तंभासारखी चार अभ्यासकांपुरती उरते. यातून सुटका सांगणारा मला तरी भेटलेला नाही. कंपनीवाल्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, सर, बॅलन्स कधी भरता?

गुरुजींनी माझ्याकडून कागद परत घेतला. आता त्यांचा आवाज परीक्षेचा पेपर तपासणाऱ्याचा होता.

गुरुजी : जायचंच असेल तर निदान नीट जा. काय काय दाखवता?

भाची : गूर-ए-अमीर पाऊण तास. रेगिस्तान दीड. जेवण. बीबी खानम चाळीस मिनिटं. बाजार तिच्या बाजूलाच. मग शाह-इ-जिंदाच्या कबरी एक तास, तिथे पायऱ्या आहेत, या काकाजींच्या गुडघ्यांना पुरे होतील. शेवटी उलुगबेगाची वेधशाळा, उजेड असेल तर.

गुरुजी : उजेड असेल तर? ती पहिली ठेव! बाकी सगळं कबरी आणि घुमट. हा एकच राजा असा की ज्याने आकाश मोजलं. 1437 च्या कोष्टकात हजारावर ताऱ्यांच्या जागा, दुर्बीण नसताना. आपल्या सवाई जयसिंहाने जंतरमंतर उभे केले तेव्हा समोर त्याचीच कोष्टकं होती. 1449 मध्ये त्याला पोटच्या मुलाने मारवलं, वेधशाळा मोडली, आणि 1908 मध्ये व्यात्किन नावाच्या संशोधकाने जुन्या वक्फाच्या कागदावरून जागा हुडकली तोवर ती कुठे होती हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

भाची : तिथे पाहायला जमिनीखालची कमानदार खाच तेवढी उरली आहे. लोक दोन मिनिटं डोकावतात आणि विचारतात, एवढंच?

गुरुजी : मग तेव्हा गाइड कामाची. एवढंच का, ते तिने सांगावं. वर किती उंच होती, चाळीस मीटरच्या त्रिज्येचा कंस म्हणजे केवढा, ते हात पसरून दाखवावं.

माझ्या लक्षात आलं की सकाळी गाइडला पोपट म्हणायला निघालेला माणूस आता तिच्यावर काम सोपवत होता. मी बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी कागद परत दिला असता.

भाची : वेधशाळा पहिली ठेवली तर शाह-इ-जिंदाचा वेळ कापावा लागते.

गुरुजी : बाजार काप.

भाची : बाजार कापला तर काकाजींच्या ग्रुपमधल्या बाया मला गाडीत चढू देणार नाहीत.

ते खरं आहे. सुकामेवा, रेशमाचे रुमाल आणि निळ्या नक्षीच्या ताटल्यांची यादी आमच्याकडे आधीच तयार आहे.

गुरुजी : आणि बीबी खानमला चाळीस मिनिटं कशी पुरतील?

भाची : तिथे फारसं काही मूळचं नाही, मामाजी. भूकंपांनी पडली होती, 1897 च्या भूकंपात कमानही गेली. आज दिसते ते सत्तरच्या दशकानंतर सोव्हिएत आणि पुढे उझबेक लोकांनी उभं केलेलं आहे. अंगणात उलुगबेगाने दिलेली, कुराण ठेवायची दगडी ठवणी आहे, ती पाहतात आणि निघतात.

गुरुजी : ती मशीद तैमूरने 1399 मध्ये बांधायला घेतली. दिल्ली लुटून परत गेल्यावर लगेच. दिल्लीतले कारागीर वाटून दिले सरदारांना, पण पाथरवट मात्र कुणाला दिले नाहीत, स्वतःच्या मशिदीसाठी राखून ठेवले. बाबरानेही लिहिलंय की हिंदुस्थानातले दगडफोडे त्या कामावर होते. दगड ओढायला हत्तीही इथलेच. ती माणसं कुणाची होती? परत आली का? त्यांची नावं कुठल्या भिंतीवर आहेत? सगळ्या समरकंदात आपल्या माणसांचा घाम सांडल्याचं ज्या जागेबद्दल पक्कं लिहिलेलं आहे ती ही जागा, आणि तिथे तुम्ही चाळीस मिनिटं देता, त्यातली वीस फोटोला.

भाची : हे गाइडला ठाऊक आहे का, मला माहीत नाही. हत्तींचं सांगते ती. पाथरवटांचं मी तिच्या तोंडून ऐकलं नाही.

गुरुजी : मग तू सांग. हिंदीत नको, मराठीत सांग. हे ऐकायला गोंदियाचे लोक असतील.

भाची : पण मूळ दगड कोणते ते कसं ओळखायचं?

गुरुजी : खालून बघायचं. डागडुजी करणारे वरून भर घालतात, पायाचा दगड सहसा हलवत नाहीत. कमानीच्या बुडाशी कोरीव काम असेल तिथे थांबव लोकांना. आणि हे तुझ्या त्या गाइडला विचारूनच घे, मी काही पाहिलेलं नाही.

भाची : विचारते. म्हणजे बीबी खानम पाऊण तास?

गुरुजी : एक तास.

भाची : मग जेवण अर्ध्या तासात उरकावं लागेल.

गुरुजी माझ्याकडे वळले. राइस मिलवाल्यांना अर्ध्या तासात जेवायला कोण सांगणार, असा प्रश्न मी विचारला, तर म्हणाले, तो तुमचा प्रश्न आहे, माझा फक्त वेळापत्रकाशी संबंध.